खवट तेल आणि माझी चार पिल्लं

मी तांबडी बोलतेय. कोंबडी काय बोलणार, असं म्हणून लगेच उठू नका. तुम्ही माणसं आमच्यावर एवढ्या म्हणी करता, मग आम्ही चार शब्द बोललो तर कुणाचं काय बिघडलं? ते ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ तर ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कान असतात बरं आम्हाला. पिसांखाली असतात, म्हणून दिसत नाहीत एवढंच.

माझं गाव बेल्याच्या अंगाला. पैनगंगेच्या पल्याड महाराष्ट्र, अल्याड आदिलाबादकडचे आम्ही. माझी मालकीण पंचफुला. सगळा मोहल्ला तिला बुढी म्हणतो, म्हणून मीही बुढीच म्हणते. माझं बोलणं तिला कळत नाही, म्हणून बरं आहे.

बुढीचा मुलगा मंडल ऑफिसात, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या कचेरीत, बाबू आहे. घर पक्कं, फरशीचं. सून रुपा नीटनेटकी, तिला अंगणात कोंबडीची घाण खपत नाही. नात दीक्षा आदिलाबादच्या कॉलेजात शिकते, सुट्टीला येते. पण बुढीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलेलं. फरशीवर बसलं तर तिचा जीव लागत नाही. मागच्या अंगणात आमच्यात येऊन बसली की मोकळी होते. मग आमच्याशी बोलते, आम्हाला शिव्या देते, आणि ओंजळीनं दाणे टाकते.

मी जन्मले ते याच अंगणात, हिवाळ्यात, डाल्याखाली. आईच्या पोटाखालची ती ऊब अजून आठवते. आम्ही नऊ भावंडं. मोठ्या झालो त्या दोघीच, मी आणि माझी बहीण कवडी. कवडीच्या अंगावर पांढरे-काळे ठिपके, म्हणून कवडी. बहीण मोठी खादाड होती, पण मनानं चांगली.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आम्ही जी सुटायचो ती थेट मागच्या बांधावर. चिवळ, घोळ, तांदुळजा, पावसाळ्यात तरोट्याचे कोंब. शेणाचा पोवटा उकरला की खाली किडे. वाळवी सापडली तर त्या दिवशी सणच. घरचे दाणे फक्त संध्याकाळी, आम्ही परत यावं म्हणून.

पहिल्यांदा खुडूक बसले तेव्हा बुढीनं माझ्याखाली बारा अंडी ठेवली. एकवीस दिवस मी जवळजवळ उठले नाही. विसाव्या दिवशी अंड्याच्या आतून आवाज येतो, माहीत आहे का तुम्हाला? बाहेर यायच्या आधी पिल्लू आतून बोलतं. आपणही हळूच उत्तर द्यायचं असतं. बारातली अकरा निघाली. पुढं काही बेल्याच्या बाजारात गेली, काही पाहुण्यांच्या ताटात, दोन घारीनं नेली. त्याचं मी रडगाणं गात नाही. कोंबडीच्या जातीला ते चुकत नाही. मी रडते ती वेगळ्या गोष्टीसाठी.

यंदाच्या जयंतीची गोष्ट. चौदा एप्रिलला आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांचं जेवण एका ठिकाणी असतं. दुपारपासून मोठ्या कढईत पुऱ्या तळल्या जातात. जेवणं झाली, भांडी घासली आणि तळणाचं तेल उरलं. अर्धं छोटं पिंप भरेल एवढं, काळपट, फेसाळ. बाया म्हणाल्या, नालीत ओता. बुढी कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

“नालीत? तेल?” ती म्हणाली. “म्या लहानपणी भाजीत तेल कधी ओतलंच नाई, बोट बुडवून फिरवलं फक्त. अन् तुमी नालीत ओतता?”

डोक्यावर पिंप घेऊनच ती घरी आली. रुपानं नाक मुरडलं.

“आत्याबाई, हे काऊन आणलं? काळं पडलं ना ते. आमी नाई खाणार.”

“तुमाले कोण देते? माह्या कोंबड्यायले होते.”

पिंप मागच्या पत्र्याखाली ठेवलं गेलं. आदिलाबादकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, मे महिन्यात त्या पत्र्याला पाय लावला तर पाय भाजतो. त्या पत्र्याखाली, अर्ध्या उघड्या झाकणाचं ते तेल दोन महिने तापत राहिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं असतं तरी मी काय करणार होते म्हणा.

उन्हाळ्यात बांध करपला, हिरवं सगळं गेलं. ते दरवर्षीच जातं, मृगात परत येतं. पण यंदा हिरवं आलं तेव्हा आम्ही कोंडल्या गेलो. झालं असं की शेजारच्या डोमाजींनी कपाशीची सरकी ओळीनं टोबून पेरली आणि कवडीनं (मी नव्हे, कवडीनं!) एक अख्खी ओळ उकरली. डोमाजी तणतणत आले.

“पंचफुलाबाई, सरकी उकरून राह्यल्या तुमच्या कोंबड्या. बांधा नाई तं फवाऱ्याचं औषध लागून मरतीन, मंग मले बोलू नोका.”

बुढी घाबरली. त्या दिवसापासून कवडी, मी आणि कोंबडा, तिघं खुराड्यात बंद. जाळीतून हिरवा बांध दिसायचा. पाऊस पडून गेल्यावर घोळीची पानं कशी टरारून येतात! आम्ही जाळीला चोच लावून बघत राहायचो. कोंबडा उगाच दिवसभर आरवायचा.

आणि खायला? भाताचा कोंडा, ज्वारीची भरड, आणि त्यावर एक पळी ते तेल. बुढी हातानं कालवायची, गोळे करायची आणि समोर बसून खाऊ घालायची.

“खा माय, पोटभर खा. कोंडून ठेवलं तुमाले, मंग खायाले तरी बेस पायजे का नाई?”

चवीला ओशट, घशाला खवखवणारं. पण भूक होती. आणि खरं सांगू? तिच्या हातचं होतं, म्हणून खाल्लं. पिसं सुरुवातीला अशी चमकायला लागली की बुढी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. कवडी तर फुगून टम्म झाली.

मग हळूहळू आतून काहीतरी बिनसलं. तुरा फिका पडला. पोटात जडपणा आला, जणू दाण्यांऐवजी खडे गिळलेत. कवडी दोन पावलं चालली की धापा टाकायची. बुढीला वाटलं, अशक्तपणा आला. पळीऐवजी दीड पळी झाली.

श्रावणाच्या तोंडावर मी पुन्हा खुडूक बसले. अकरा अंडी. मी किती खुशीत होते म्हणून सांगू! कोंडलेल्या जिवाला दुसरं काय हवं असतं? विसाव्या दिवशी मी श्वास धरून ऐकत बसले. आवाज आला, पण थोडा. एकदोन अंड्यांतून, तोही दमलेला. मी उत्तर देत राहिले. सगळ्या अंड्यांशी बोलत राहिले. एकविसावा गेला, बाविसावा गेला. चार निघाली. सात तशीच.

बुढीनं तेविसाव्या दिवशी एक अंडं फोडून पाहिलं. आत पिल्लू होतं, पूर्ण तयार, डोळे मिटलेलं. तिनं ते पुरलं. बाकीची न फोडताच पुरली.

पण चार होती ना! एक काळं, दोन पिवळी आणि एक माझ्यासारखं तांबूस. त्या काळ्याला माझ्या पाठीवर चढायचा नाद होता, आणि ते तांबूस झोपताना नेमकं माझ्या डाव्या पंखाखालीच यायचं. दुसऱ्या कुणी ती जागा घेतली तर चोच मारून उठवायचं. बुढीनं त्यांच्याही कोंड्यात तेल घातलं. मीच चोचीनं फोडून फोडून त्यांना ते भरवलं, हे मला विसरता येत नाही.

सोळाव्या दिवशी काळं पिल्लू चालता चालता थांबलं आणि त्यानं मान मागं टाकली. डोळे आभाळाकडे. मी चटकन वर पाहिलं, मला वाटलं घार दिसली त्याला. आभाळात काहीच नव्हतं. मग ते मागच्या मागं पडलं आणि पाय झाडायला लागलं. मी उभं केलं, पुन्हा पडलं. संध्याकाळपर्यंत एक पिवळंही तसंच.

डोमाजी कुंपणावरून म्हणाले, “मानमोडीची साथ होय ही. राह्यलेल्या सगळ्या आजच पुरून टाका, नाई तं अख्ख्या गावातल्या कोंबड्या जातीन.”

“तुमच्या तोंडात माती,” बुढी म्हणाली. तिनं पिल्लांना मांडीवर घेतलं, त्याच तेलानं चोळलं, आणि बोळ्यानं त्याचेच दोन थेंब त्यांच्या चोचीत सोडले. तिला दुसरं औषध माहीतच नव्हतं. तिच्या आईनं तिला तसंच वाचवलं होतं म्हणे.

चार दिवसांत तीन गेली. पाचव्या सकाळी कवडी उठली नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून दाणे टिपत होती, आणि सकाळी खुराड्यात पाय ताठ. त्याच दिवशी दीक्षा सुट्टीला आली. तिनं मेलेली कवडी पाहिली, मान वाकडी झालेलं तांबूस पिल्लू पाहिलं, आणि कुंपणावरून पुन्हा ‘पुरून टाका’ म्हणणाऱ्या डोमाजींचं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

“काका, आधी डॉक्टरले दाखवू, मंग पुरू. आजी, स्कूटीवर बस.”

कवडी खताच्या थैलीत, मी आणि पिल्लू टोपलीत, टोपली बुढीच्या मांडीवर. अशी आमची वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर मॅडम तेलुगू बोलणाऱ्या, बुढीशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी कवडीला टेबलावर उघडलं. मी टोपलीतून पाहिलं. बघायला नको होतं, पण नजर हटेना. निरोगी कोंबडीचं यकृत गडद तांबडं, घट्ट आणि गुळगुळीत असतं. कवडीचं पिवळं पडलं होतं, तेलकट. मध्ये मध्ये रक्ताचे डाग. मॅडमनी बोटानं नुसतं दाबलं तर ते कुस्करलं गेलं.

“खाने को क्या देते, अम्मा?” त्यांनी विचारलं.

बुढी ताठ झाली. “अच्छा देते मॅडम. सूखा नाई देते. तेल डालके देते.”

“कौनसा तेल?”

बुढीनं सगळं सांगितलं. जयंतीच्या पुऱ्यांपासून पत्र्यापर्यंत, मोठ्या अभिमानानं. मॅडमनी दीक्षाकडे पाहिलं आणि मग तिच्याशी बराच वेळ तेलुगूत बोलल्या. दीक्षा मान खाली घालून ऐकत होती. माझ्या पिल्लाची मानही त्यांनी तपासली आणि एक छोटी बाटली दिली, पाण्यात थेंब टाकायची.

बाहेर पायरीवर बुढी म्हणाली, “काय म्हणे ते? मानमोडी आहे का?”

“मानमोडी नाई दिसत म्हणे.”

“मंग?”

दीक्षा टोपलीच्या कडेवरचं बांबूचं सालटं काढत बसली. सांगावं की न सांगावं, हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट होतं की मलासुद्धा कळलं.

“सांग ना वो बाई. माह्या कोंबड्या मेल्या ना.”

“आजी, खोबरं जुनं झालं का कसं कडू लागते? तसं तेल तळून तळून अन् तापून खवट झालं. ते पोटात गेलं का पोटातली चरबीबी खवट व्हाले लागते. यकृतात चरबी असते, तिथं आधी लागते. ते होऊ नये म्हणून अंगात ई जीवनसत्त्व असते. रातच्याले वावर राखणारा जागलीवाला म्हण ना. हिरव्या पाल्यातून येते ते, मोडाच्या दाण्यातून येते. कोंबड्या कोंडल्या, पाला बंद झाला. अन् जो थोडा जागलीवाला अंगात होता, तो या तेलाशी लढण्यातच सरला. म्हणून अंड्यातले पिल्लं आतच गेले. म्हणून हे पडले.”

बुढीनं आयुष्यभर वावरात जागली पाहिलेली. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“म्हणजे म्याच मारले.”

“तुले कुठं माहीत होतं, आजी?”

“उपाशी दिवस काढले पोरी आमी. कोणाले उपाशी ठेवू नाई, एवढंच मले येते. अन् तेच…” पदर तोंडात कोंबून ती रडली. मला इतकं वाटलं की हिला सांगावं, बाई, तू मायेनंच दिलंस, आम्हीही मायेनंच खाल्लं. पण मी टोपलीत नुसती कुकुकु करत राहिले.

बाटलीतल्या थेंबांनी मी आणि कोंबडा तगलो. माझ्या तांबूस पिल्लाला उशीर झाला होता. तीन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या नेहमीच्या जागी होतं, माझ्या डाव्या पंखाखाली, पण गार. मी दुपारपर्यंत उठले नाही. बुढीनंही मला उठवलं नाही.

ते पिंप तिनं डोमाजींना देऊन टाकलं, बैलगाडीच्या आसाला लावायला. नालीत ओतणं तिच्यानं तरीही झालं नाही. आणि आमची चाकरी सुरू केली. रोज ओटीभर चिवळ आणि घोळ. ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेला गहू. मागच्या बांधावर जुन्या लुगड्याचं कुंपण घालून आम्हाला फिरायला जागा. कोंडा आणला की आधी नाकाला लावून हुंगायची. रुपानं नवी तेलाची पिशवी फोडली तरी हुंगायची. मोहल्ल्यातल्या बाया हसायच्या, पंचफुला बाजारात पैसे कमी अन् नाक जास्त घेऊन जाते म्हणायच्या. हसू द्या. तुम्हालाही माझी हात जोडून विनंती आहे, हात नाहीत तरी: मुक्या जिवाला घालण्याआधी एकदा हुंगा. जे तुमच्या ताटात नको, ते आमच्या पोटातही नको.

माझा तुरा पुन्हा लाल झाला. पण अंडी आली नाहीत. एकही नाही. आणि तरी, दिवाळीच्या सुमारास, मी खुडूक बसले. रिकाम्या टोपलीत. खाली काही नाही, नुसतं गवत. वेडेपणा आहे, कळत होतं मला. पण पोटाखाली काहीतरी असावं, ही ओढ डोक्याचं ऐकत नाही. डोळे मिटले की ते काळं पाठीवर चढतंय असं वाटायचं.

रुपा एक दिवस म्हणाली, “आत्याबाई, हे काई आता अंडे देत नाई. रविवारी माह्या माहेरचे येऊन राह्यले. हिचंच करू का?”

मी टोपलीत अंग चोरलं. बुढी चुलीपाशी होती. ती उठली, हात धुतले, आणि सरळ डोमाजींच्या घरी गेली. परतली ती ओच्यात नऊ अंडी घेऊन. मागून डोमाजी ओरडत होते, “नागड्या मानेच्या कोंबड्यायचे आहेत वो, चालते का?”

“मान आहे ना? मंग चालते,” बुढी म्हणाली. आणि एकेक अंडं माझ्याखाली सारलं.

सात निघाली. उघड्या मानेची, ध्यान दिसणारी, लाल गळ्याची. माझा रंग एकाच्याही अंगावर नाही. माझी नाहीत, हे मला आणि त्यांनाही ठाऊक आहे बहुधा. पण हाक मारली की येतात. पंखाखाली मावत नाहीत तरी घुसतात. संध्याकाळी सगळी आत गेली की मी मात्र खुराड्याच्या दारात थोडी थांबते. अजून चौघं यायची आहेत असं वाटतं. मग बुढी म्हणते, “चाल तांबडे, झाले सगळे.” मी आत जाते. झाले नाहीत सगळे, पण जाते.

आजचा दिवस या पिल्लांचा सोळावा. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बुढीचाही नसावा, कारण ती कामं टाकून अंगणातच बसली होती, हातात सूप, सुपात काहीच नाही. पिल्लं पसरली होती. त्यातलं सगळ्यात बारकं माठापाशी गेलं, थांबलं, आणि त्यानं मान मागं टाकली. डोळे आभाळाकडे.

सूप बुढीच्या हातातून पडलं. मी पंख पसरून धावले, ती गुडघ्यावर हात देत उठून धावली. माठाच्या आड तिनंच सकाळी ठेवलेली बशी होती, ती आम्हा दोघींनाही जागेवरून दिसली नव्हती. बारक्यानं मान खाली केली, बशीत चोच बुडवली, आणि पुन्हा मान वर करून घोट घशाखाली सोडला.

“पाणी पेऊन राह्यलं वो,” बुढी म्हणाली. “तांबडे, पाणी पेऊन राह्यलं!”

ती तिथंच जमिनीवर बसली, हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. बाकीची सहाही आली. बशीभोवती सात उघड्या माना खाली जात होत्या, वर येत होत्या. आम्ही दोघी बघत बसलो. बुढीनं आज ती बशी पाच वेळा भरली.